स्टेपनी

कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्या कॅमेऱ्याचं कवच उतरवून बाजूला ठेवलं, उरलेला सांगाडा टेबललॅम्पसमोर धरला आणि म्हणाले, "या, इकडून बघा." मी मागून डोळा लावला. काळ्याकुट्ट अंधारात पाच चमकते ठिपके. तीन एका ओळीत, दोन जरा लांब.

"मृग नक्षत्र," मी म्हणालो.

"भोकं आहेत," ते म्हणाले. "पडदा जळालाय. उन्हात कोणी ठेवला होता?"

'कोणी' या शब्दावर त्यांनी जो भर दिला, त्यात आयुष्यभर गिऱ्हाइकं हाताळल्याचा अनुभव होता. ठेवला मीच होता. गुहागरला, मे महिन्यात, एका कठड्यावर, सूर्याकडे तोंड करून, लेन्सची टोपी खिशात घालून. समोर उकडीचे मोदक आले होते, आणि उकडीचे मोदक गार होऊ द्यायचे नसतात एवढं एकच शास्त्र मला पक्कं येतं. भिंगाने ऊन एका जागी गोळा केलं की कागद पेटतो, हे दुसरं शास्त्र शाळेत शिकवलं होतं. पण कॅमेऱ्यावर बसवलेलं भिंगही भिंगच असतं हे त्या वेळी सुचलं नाही. लेन्सच्या मागे रबर चढवलेल्या काळ्या कापडाचा पडदा असतो. मी मधेमधे कॅमेरा उचलून पुन्हा ठेवत होतो, त्यामुळे सूर्याला दरवेळी नवी जागा मिळाली. मोदक चार खाल्ले, भोकं पाच पडली.

पुढच्या रोलपासून प्रत्येक फोटोत एखाददुसरा जादाचा चंद्र उगवायला लागला. एका फोटोत तो मावशीच्या कपाळावर बरोबर मध्यभागी आला. तो फोटो तिने मोठा करून मागितला.

"होईल ना दुरुस्त?" मी विचारलं.

"होईल की. नवा पडदा बसवावा लागेल. गणपतीनंतर या."

जून महिना चालू होता. कोणत्या वर्षीच्या गणपतीनंतर हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

हा कॅमेरा म्हणजे लायका थ्री-एफ. माझे मामा मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी तो पन्नासच्या दशकात एडनला घेतला. वाटणीत मामेभावाने फ्रीज घेतला, मामेबहिणीने शिवणयंत्र घेतलं आणि हा कॅमेरा कोणालाच नको म्हणून माझ्याकडे आला. त्याच्यासोबत पन्नास मिलिमीटरची एल्मार लेन्स आली, जी काम झालं की कासवाच्या मानेसारखी आत ढकलून ठेवता येते. (आणि फोटो काढताना बाहेर ओढायला विसरता येते. असा एक अख्खा रोल माझ्याकडे आहे. त्यात लोणावळा आहे, पण तो ओळखायला लोणावळ्याचाच माणूस लागेल.) या कॅमेऱ्याला मागे दार नाही. रोल तळातून भरायचा, आणि तोही कात्रीने फिल्मचं टोक कापून, चार इंचांची लांब जीभ करून. आमच्याकडे शिवणाची कात्री हरवली की बायको आधी माझ्या बॅगेत बघते.

मोटारीच्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हा शब्द वेल्समधल्या लानेली नावाच्या गावातून आला. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारींसाठी जादा चाक विकायला काढलं. तिकडे तो शब्द आता कोणी वापरत नाही. आपण मात्र खंबाटकी घाटात पंक्चर झालं की अजून त्या परक्या गल्लीचं नाव घेऊन डिकी उघडतो. मुख्य कॅमेरा दगा देईल तेव्हा हाताशी असावी म्हणून फोटोग्राफर जी दुसरी बॉडी बाळगतात, तिला यापेक्षा चांगला शब्द मला सापडला नाही. म्हणून रात्री जेवताना मी सरळ म्हणालो, "मला आता एक स्टेपनी बघावी लागणार."

मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो सासूबाईंना माहीत होता.

गैरसमज दूर व्हायला आमटी गार होण्याइतका वेळ लागला. मग खरी चर्चा सुरू झाली. मुलाने हिशेब मांडला. "बाबा, तुम्ही तीन महिन्यांत एक रोल काढता. म्हणजे वर्षाला चार रोल, एकशे चव्वेचाळीस फोटो. एवढे फोटो आई एका हळदीकुंकवात काढते."

"त्यातले निम्मे बोटाचे असतात," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

"रोल, धुलाई, स्कॅनिंग धरून तुमचा एक फोटो मिसळीच्या प्लेटच्या निम्म्या किमतीला पडतो. त्यासाठी दुसरा कॅमेरा?"

मी सांगायचा प्रयत्न केला, की मोठमोठे वृत्तछायाचित्रकार गळ्यात दोन-दोन, तीन-तीन बॉड्या अडकवून हिंडायचे. एकीत रंगीत रोल, दुसरीत कृष्णधवल. ऐन लढाईत एक बंद पडली तर दुसरी चालू. यावर बायकोने विचारलं, की मी शेवटची लढाई कोणती टिपली. सोसायटीची सर्वसाधारण सभा, हे खरं उत्तर होतं. तिथेही पार्किंगच्या मुद्द्यावर हातघाई झाली त्या क्षणी मी फोकस करत होतो.

हे फोकसचं प्रकरण समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर या कॅमेऱ्यांच्या मागे माणसं का लागतात ते कळायचं नाही. नेहमीच्या एसएलआर कॅमेऱ्यात आरशामुळे आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लेन्स आपल्या जागी, आणि वर कपाळावर दोन छोट्या खिडक्या, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. दोन्हींतून येणारी चित्रं एकावर एक पडतात. माणसाला दोन डोळ्यांमुळे अंतर कळतं, तोच न्याय. लेन्स फिरवली की आतलं एक चित्र सरकतं. दोन्ही चित्रं जुळली की समजायचं, फोकस झाला. म्हणजे समोर बायको उभी असेल तर सुरुवातीला तिला दोन नाकं दिसतात, आणि ती एक होईपर्यंत आपण लेन्स फिरवायची. "हलू नकोस, तुझी नाकं जुळतायत," हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला म्हणालो होतो. ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

फायदे आहेत. आरसा नाही म्हणून तो उचलल्याचा खटॅक् असा आवाज नाही, खटका दाबताना डोळ्यांपुढे अंधारी नाही, बॉडी लहान. तोटा एकच आहे, पण तो माझ्यासारख्याला पुरेसा आहे. लेन्समधून बघतच नसल्यामुळे लेन्सवर टोपी तशीच राहिली तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं. पुतण्याच्या मुंजीत मी मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत छत्तीस फोटो काढले. लॅबवाल्याने फिल्म हातात ठेवली तेव्हा ती पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत काचेसारखी कोरी होती. पुतण्या आता इंजिनीअर आहे. घरात मुंजीचा विषय निघाला की तो अजून माझ्याकडे बघून थांबतो.

तर शोध. बजेट वीस हजार. सर्वात आधी वाट अडवली ती जपानी मंडळींनी. साठ-सत्तरच्या दशकात जपानने मध्यमवर्गासाठी रेंजफाइंडर कॅमेरे इतके काढले, की आजही जुन्या सामानाच्या कुठल्याही ढिगात हात घातला तर एखादा हाताला लागतो. याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६ चा. त्याची पंचेचाळीस मिलिमीटर, एफ १.७ ची लेन्स अंधाऱ्या खोलीतही काम करते. मुलाला याच्यात एकदम रस वाटला, कारण २०१२ च्या स्पायडरमॅनच्या सिनेमात पीटर पार्करच्या हातात हाच होता. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, एक इस्त्री, टेलिफोनचे दोन रिसीव्हर आणि याशिका असा संसार मांडलेला दिसला.

या कॅमेऱ्याची नाडी कानाने बघायची असते. किल्ली ओढली की आतून एक 'टक्' असा दबका आवाज यायला पाहिजे. आतमध्ये रबराचा एक इवलासा तुकडा असतो, तो वयोमानाने विरघळला की टक् बंद होतं, आणि मग शटरच्या वेळांचं गणित बिघडतं. मी ताडपत्रीशेजारी उकिडवा बसलो, कॅमेरा कानाला लावला आणि किल्ली ओढली. त्याच क्षणी मागून पीएमटी गेली. पुन्हा ओढायची तर आधीची क्लिक संपवायला हवी. क्लिक केलं, ओढलं, तर शेजारच्याने तोट्यांचा ढीग ओतला. चार वेळा असं झालं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, तो रेडिओ नाहीये."

टक् ऐकू आलं शेवटी. पण या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, आणि पाऱ्याचे सेल आता बनतच नाहीत. सहा व्होल्टचा सेल मधे काहीतरी जुगाड करून बसवावा लागतो. कॅनोनेटचीही तीच कथा. क्यूएल १७ जीथ्री हा १९७२ चा, गरिबाचा लायका म्हणून ओळखला जाणारा, त्याला १.३५ व्होल्टचा सेल हवा, तर लोक श्रवणयंत्राचा सेल घालतात. वडिलांच्या श्रवणयंत्राचे सेल आमच्या घरात असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांतला एक पळवायचा विचार माझ्या मनात आला, आणि त्या दिवशी वडील मला नेमके तीनदा म्हणाले, "काय म्हणालास?"

मिनोल्टा हाय-मॅटिकच्या बाबतीत माझ्याकडे एक हुकमी मुद्दा होता. १९६२ मध्ये जॉन ग्लेनने पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा त्याच्याजवळ होता तो याच कॅमेऱ्याचा अॅन्स्को नावाने विकला जाणारा भाऊ. आणि तो त्याने कुठून घेतला? फ्लोरिडातल्या एका औषधाच्या दुकानातून, चाळीस डॉलरला. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं.

"मग तुम्हीही मेडिकलमधूनच बघा," ती म्हणाली. "आणि जाताय तर माझ्या थायरॉइडच्या गोळ्या आणा."

या सगळ्या जपान्यांची खरी अडचण वेगळीच होती. त्यांची लेन्स निघत नाही. म्हणजे तो आख्खा दुसरा कॅमेरा झाला, स्टेपनी नव्हे. स्टेपनीची अट ही की आपलं आहे ते चाक तिथेही बसलं पाहिजे. मामांची एल्मार आट्यांची. एकोणचाळीस मिलिमीटर व्यासाचे आटे, नळाच्या तोटीसारखी फिरवून बसवायची. लायकाने पुढे १९५४ मध्ये एम-३ काढला आणि आटे सोडून खटक्याने बसणारा नवा माऊंट आणला. जुनी आट्यांची लेन्स मधे एक कडं घालून नव्या बॉडीवर चढते, पण नवी लेन्स जुन्या बॉडीवर काही केल्या चढत नाही. मोठ्या घरी गरीब नातेवाइकाने जावं, श्रीमंताने उलट यायचं नाही, असा तो रिवाज. अर्थात एम मालिकेच्या दारात उभं राहायची माझी ऐपतच नव्हती. १९८४ च्या एम-६ ची आजची किंमत ऐकली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तेवढ्यात चालती सेकंडहँड मोटार येईल. आणि तिच्याबरोबर स्टेपनी फुकट मिळेल.

मग आट्यांच्या बॉड्या. यांत सर्वात स्वस्त रशियन, आणि खरं सांगायचं तर जीव तिथेच अडकला होता. आमच्या पिढीला सोव्हिएत माल ओळखीचा. पुस्तकं जाड पुठ्ठ्याची, कागद उत्तम, किंमत जवळजवळ नाहीच. त्यांचे कॅमेरेही तसेच निघाले. एफईडी नावाच्या कॅमेऱ्याची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी. युक्रेनमधल्या खार्किव्हला अनाथ, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी एक श्रमवसाहत होती. अंतोन माकारेंको हे नामांकित शिक्षणतज्ज्ञ ती चालवायचे. मुलांनी आधी विजेची ड्रिल यंत्रं बनवली आणि १९३४ पासून थेट लायकाची नक्कल करायला घेतली. नाव ठेवलं फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून. हा झेर्झिन्स्की म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. अनाथ मुलांनी बनवलेल्या जर्मन कॅमेऱ्याच्या नकलेला गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचं नाव. आमच्याकडे मिक्सरला फार तर मुलीचं नाव देतात.

पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने 'झोर्की' काढला. रशियनमध्ये झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ एवढी वर्षं निघत राहिला, सतरा लाखांच्या वर. त्यामुळे तुटवडा नाही. अट एकच: आधी किल्ली फिरवायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं तर आतल्या यंत्राला इजा होऊ शकते. आधी हे, मग ते, असा एकच नियम. ज्याने मुंजीचा आख्खा रोल टोपीतून काढला, त्याच्या हातात एवढ्याशा नियमावर उभं असलेलं यंत्र देणं कितपत शहाणपणाचं, हा प्रश्न मला माझ्याच तोंडाने विचारावा लागला.

शिवाय या रशियनांची एक शाखा वेष पालटून हिंडते. मुंबईत मटण स्ट्रीटवर, चोरबाजारात, एका दुकानदाराने मखमलीच्या कपड्यातून एक वस्तू अशी काही बाहेर काढली, की मी नकळत दोन पावलं मागे सरलो. सोन्याचा मुलामा, सापाच्या कातड्यासारखी पाठ, वर पंख पसरलेला गरुड. "असली जर्मन, साहेब. हिटलर के टाइम का. पायलट का." मी लेन्स काढून आत बघितलं. माऊंटच्या आत वरच्या बाजूला लेन्सचं अंतर मोजणारा एक दांडा असतो. लायकामध्ये त्याच्या टोकाला गोल चाक असतं, रशियनमध्ये पाचरीसारखा चपटा तुकडा. समोर पाचर होती. मी म्हटलं, "भाऊ, हा पायलट मॉस्कोचा आहे." दुकानदार जराही ओशाळला नाही. "मग रशियन पायलटचा धरा," तो चोख मराठीत म्हणाला, "दोन हजार कमी द्या."

वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात मला जी काही भाषा कळली, तिचा सारांश दोन वाक्यांत आहे. लेन्समध्ये जे काही दिसेल ती 'धूळ' असते. आणि ती धूळ 'फोटोत येत नाही'. बुरशी हा शब्द कोणी काढत नाही. लेन्सच्या मागून टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक तारा पसरलेल्या दिसतात, कोकणातले चार पावसाळे त्यात स्पष्ट वाचता येतात, तरी धूळ. मुंबईच्या हवेत कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला फुटलेली पालवी मी पाहिली आहे. तीही धूळच होती. मुलामा उडालेला असेल तर 'पॅटिना', शटर चिकटत असेल तर 'वापरात नाही ना म्हणून', आणि काहीच चालत नसेल तर 'शोपीस'.

बेसा-आर हा खरा शहाण्या माणसाचा पर्याय होता. जपानच्या कोसिना कंपनीने तो २००० मध्ये काढला, आट्यांचाच, आत मीटर, मागे दार. नाव व्होइग्टलँडर. ही पेढी व्हिएन्नामध्ये १७५६ मध्ये सुरू झाली, म्हणजे पानिपतच्या पाच वर्षं आधी. नाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं आणि बॉडी माझ्या मुलाहून लहान. पण शहाण्या माणसांनी तो आधीच घेऊन ठेवला आहे आणि ते विकत नाहीत. विकतात ते वीस हजारांत विकत नाहीत.

उरला कॅनन पी. १९५९ चा. पी म्हणजे पॉप्युलेअर, लोकप्रिय. खिडकीतून जग जसं आहे त्याच आकाराचं दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. पस्तीस, पन्नास आणि शंभर मिलिमीटरच्या तिन्ही चौकटी एकदमच समोर दिसतात, एकात एक ठेवलेल्या डब्यांसारख्या. चष्मेवाल्याला बाहेरचा डबा दिसत नाही, पण मला मधलाच लागतो. मीटर नाही. ते माझ्याकडे आधीही नव्हतं. लख्ख ऊन असेल तर एफ १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या आकड्याएवढं, या नियमावर माझा प्रपंच चाललाय. आणि मग मी ती ओळ वाचली, जिच्यामुळे बाकी सगळं गौण ठरलं. कॅनन पीचा पडदा कापडाचा नाही. स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याचा आहे. उन्हाने जळत नाही.

"मोदकप्रूफ," मुलगा म्हणाला.

स्टीलच्या पडद्याची खोड वेगळी. कोणाचं बोट लागलं की त्याला सुरकुती पडते आणि ती कधीच जात नाही. बिनसुरकुतीचा कॅनन पी मिळणं कठीण, असं जाणकार सांगतात. फोटोत ती येत नाही. (हे मीसुद्धा म्हणायला लागलो होतो.)

ओळखीच्या ओळखीतून कळलं, की सदाशिव पेठेतल्या एका आजोबांकडे एक आहे. जिने चढून वर गेलो. दार अर्धं उघडलं.

"कोणी पाठवलं?"

मी नाव सांगितलं.

"तो स्वतः कधी येत नाही. बसा. चहा घेतलेला असेलच."

कॅमेरा डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, पण हात काढला नाही. मुलाखत सुरू झाली. आधीचा कॅमेरा कोणता? त्याचं काय झालं? मी खरं बोललो. बाजारात हिंडून आल्यावर खरं बोलायची तहान लागते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅमेरा स्वतःच्या बाजूला थोडा सरकवला.

"कठड्यावर?"

"हो."

"टोपी कुठे होती?"

"खिशात."

"हं," म्हणून त्यांनी बॉडीचं मागचं दार उघडलं. "ही बघा. ही सुरकुती अडुसष्ट सालची. माझ्या मेव्हण्याचा अंगठा. हे काय आहे बघू, म्हणाला आणि दाबलं. ही दुसरी छोटी आहे ना, ती त्याच्याच मुलाची, सत्याऐंशीची. घराणंच तसं." पडद्यावर दोन वळ्या होत्या, प्रकाशात धरल्या की इस्त्री न केलेल्या साडीच्या काठासारख्या. मला एकदम आपलेपणा वाटला. आमच्याकडच्या दुर्घटनांना इतकी नीट नोंद नसते.

तपासणी त्यांनीच करवून घेतली. एक सेकंदाचा वेग लावून खटका दाबायचा आणि तोंडाने 'एकशे एक' म्हणायचं. शब्द संपताना पडदा मिटला पाहिजे. मिटला. सर्वात वेगवान शटरला दार उघडं ठेवून खिडकीकडे बघायचं, उजेडाची चौकट पूर्ण दिसली पाहिजे. दिसली. मग गच्चीत नेलं. "लांबचं काहीतरी बघा आणि लेन्स अनंतावर लावा. पर्वती बघा." एल्मार मी खिशातून नेलीच होती. आटे फिरवून बसवली. खिडकीत पर्वतीच्या देवळाचा कळस आला, त्याच्यावर पिवळसर दुसरा कळस सरकत आला आणि बरोबर बसला. आडवा बसला, पण उभा केसभर वर राहिला. म्हणजे देवळावर अर्ध्या केसाएवढा मजला जास्त.

"वरखाली थोडा आउट आहे," मी म्हणालो.

"महापालिकेला कळवू नका," ते म्हणाले. "तो स्क्रू फिरवून होतो. अंतर बरोबर येतंय ना? मग झालं."

किमतीवर घासाघीस करायची मी तयारी करून गेलो होतो. आजोबांनी अठरा सांगितले. मी पंधरा म्हणालो. ते म्हणाले, "अठरा. आणि मी तुम्हाला देतोय हेच पुष्कळ झालं, कारण तुम्ही एक पडदा जाळलेला आहे." या युक्तिवादाला पुण्यात उत्तर नसतं. मी अठरा मोजले. निघताना त्यांनी चामड्याची केसही हातात दिली, आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावरून ऐकू आलं, "बोट लावायचं नाही!"

पुढचे दोन महिने मी कॅनन घेऊन लक्ष्मी रोडवर हिंडलो. चकचकीत बॉडी लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्यावर काळी टेप लावायचा, हे ऐकून मीही लावली. त्याला कोणी ओळखत नसे, असं सांगतात. मला तुळशीबागेच्या तोंडाशी एका भाजीवालीने विचारलं, "फुटला का हो, काका?" आणि चिकटवायला आणखी टेप देऊ केली.

गणपती झाले. अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी फोन आला. "साहेब, तुमचा पडदा झालाय." त्याच वर्षीच्या गणपतीनंतर! मी धावत गेलो. थ्री-एफ नव्या पडद्यासह, काळाभोर, एकही नक्षत्र नसलेला. घरी आणला, कॅननशेजारी टेबलावर ठेवला. दोन्ही बॉड्या सज्ज. एकीत कृष्णधवल रोल, दुसरीत रंगीत. आता आपण गळ्यात दोन-दोन घालणारे, असं म्हणत मी दोन्ही पट्टे गळ्यात अडकवले आणि आरशासमोर उभा राहिलो.

बायको मागून आली. बराच वेळ बघत राहिली.

"अहो, याला पुढे काहीच का नाहीये?"

उजवीकडच्या कॅमेऱ्यावर एल्मार होती. डावीकडच्यावर, लेन्सच्या जागी, एक प्लॅस्टिकचं झाकण होतं. दोन देव्हारे आणि देव एकच. इतके दिवस बॉड्या शोधण्यात गेले, पण एक लेन्स एका वेळी एकाच आट्यांत बसते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"हात जोडते," ती म्हणाली, "पण स्टेपनीला चाकच नाही."

बुधवारी मी जुन्या बाजारात होतो. ताडपत्री तीच, तोट्या त्याच, याशिका अजून तिथेच. दुकानदाराने मला बघून आधी तोट्यांचा ढीग बाजूला सरकवला, बहुतेक ऐकू यावं म्हणून. मी म्हटलं, "आट्यांची लेन्स आहे का, पन्नासची?"

त्याने पोत्यातून एक ज्युपिटर-८ काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि उन्हात धरली. आत नाजूक पांढऱ्या फांद्या चमकल्या.

"थोडी धूळ आहे," तो म्हणाला. "फोटोत येत नाही."